सुभेदाराचा पोरगा: रोजची मालिका की वेबसिरीज?

गाव चाळीसगावकडचं. बाप निवृत्त सुभेदार, पोरगा त्याच्या धाकात. ही गोष्ट रोजच्या मालिकेत गेली की एकच भांडण महिनाभर ताणणार, मध्येच सून येणार. (आमच्या आईला तेच आवडतं, टीव्हीही तिचाच.)

वेबसिरीजमध्ये मात्र खरा सल मावतो. बापाने पंधरा वर्षांच्या वर नोकरी करून पेन्शन घेतली. पोरगा 2022 च्या अग्निपथ योजनेतला अग्निवीर: चार वर्षं झाली की जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीचे घरी. हा घरी आलेला. भिंतीवर बापाची पदकं, ओसरीवर याची ट्रंक, अजून न उघडलेली. बापाचा हुकूम हिंदीत, पण राग अहिराणीत: "तुले काय व्हयनं?"

मी वेबसिरीजच निवडेन. फक्त अहिराणी पुणेरी करू नका.