कूर्शव्हेलचे काळे उतार: लाल उतारांवर सरावलेल्यांनी कोठून सुरुवात करावी?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवस फ्रेंच आल्प्समधील कूर्शव्हेल येथे राहून मी तिथले स्कीचे पाच काळे, म्हणजे सर्वांत कठीण श्रेणीचे, उतार उतरले. त्यांपैकी एकाच्या तोंडाशी पहिल्या खेपेला जाऊन परत फिरले, आणि आणखी एकाकडे नुसते पाहून पुढे गेले. लाल उतार कोणत्याही बर्फात निर्धास्तपणे उतरता येतो, पण नकाशावर काळी रेघ दिसली की पाऊल अडखळते, अशा पायरीवर मी तीन हंगाम थांबले होते. त्याच पायरीवर असलेल्या वाचकांना समोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे. पहिला काळा उतार उतरण्यासाठी कूर्शव्हेल ही अतिशय योग्य जागा आहे, असे माझे मत झाले. त्याचे मुख्य कारण म्हणजे इथले काळे उतार एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि त्यांपैकी काही उतरण्याआधी लिफ्टमधून, म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यातून, नीट पाहून घेता येतात.

निवड करताना सर्वांत आधी रंगावरचा विश्वास थोडा कमी करावा लागतो. फ्रान्समध्ये सोप्याकडून कठीणाकडे हिरवा, निळा, लाल आणि काळा अशी उतारांची चढती श्रेणी आहे. जर्मन प्रमाणकात 40 टक्क्यांपर्यंतची चढण लाल रंगात बसते आणि त्यापुढची काळ्या रंगात जाते. 40 टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटर अंतरात चाळीस मीटर खाली जाणे, कोनाच्या भाषेत सुमारे 22 अंश. हिरव्या, निळ्या आणि लाल रंगांच्या पुढे दुसरा एखादा रंग असतो, काळ्याच्या पुढे मात्र काहीच नसते. त्यामुळे 23 अंशांचा, रात्री यंत्राने सपाट केलेला रुंद उतार आणि 35 अंशांची खडकांमधली अरुंद घळ हे दोन्ही नकाशावर एकाच काळ्या शाईने छापले जातात. कोणता उतार आपल्या आवाक्यातला आहे, हे त्या शाईवरून कळत नाही. ते कळते त्या दिवसाच्या बर्फावरून, उताराच्या रुंदीवरून, आणि मध्येच धीर सुटला तर थांबायला जागा आहे की नाही यावरून.

माझी सुरुवात झाँ ब्लाँ या उतारापासून झाली आणि दुसऱ्या कोणाला सल्ला द्यायचा झाला तरी मी तोच देईन. कोल द ला लोझ या खिंडीच्या बाजूने निघून हा उतार जंगलातून थेट ल प्रा या खालच्या गावात, 1300 मीटर उंचीवर पोहोचतो. एका दमात सुमारे 900 मीटर खाली येणे होते. चढण कोठेही भयावह नाही. या उताराची अडचण त्याच्या लांबीत आहे. पहिल्या तृतीयांशात पाय ताजे असतात, वळणे नेमकी पडतात, आणि आपण उगाचच वेग वाढवतो. अर्ध्यावर आल्यावर मांड्या पेटतात, शरीराचा भार नकळत मागे सरकतो, स्कीची टोके हलकी होतात आणि वळण उशिरा लागते. पहिल्या दिवशी नेमके हेच घडले. दुसऱ्या दिवशी मी ठरवून दर दहा वळणांनंतर उताराच्या कडेला, वरून येणाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी थांबत गेले, आणि तोच उतार निम्म्याने सोपा वाटला.

झाँ ब्लाँवर वेळेची निवडही तेवढीच महत्त्वाची आहे. उतार उत्तरेकडे तोंड करून आणि झाडांच्या सावलीत असल्यामुळे वरच्या भागातला बर्फ दिवसभर थंड राहतो, पण ल प्राजवळची उंची कमी असल्यामुळे मार्चमध्ये दुपारी खालचा भाग ओला आणि जड होतो, रात्री तोच गोठतो, आणि दुसऱ्या सकाळी त्याचा काचेसारखा थर तयार होतो. म्हणून रात्री यंत्राने उतार सपाट केला आहे की नाही, हे सकाळी पाहणे आवश्यक आहे. सपाट केलेल्या उतारांची यादी रोज जाहीर होते. यादीत नाव असेल तर सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, गर्दी होण्यापूर्वी तिथे जावे. नाव नसेल आणि आदल्या दुपारी ऊन कडक पडले असेल, तर अकरापर्यंत वाट पाहावी. त्याच्या शेजारचा जॉकी हा उतार त्याच जंगलातून त्याच गावात उतरतो, पण मला तो अधिक ओबडधोबड आणि अधिक एकाकी वाटला. झाँ ब्लाँ दोनदा विनासायास जमल्यावरच त्याकडे वळावे.

यानंतरची पायरी उंचवट्यांची. अनेकांनी एकाच रेषेत वळणे घेतल्यामुळे बर्फात जे टेकाडांसारखे उंचवटे तयार होतात, त्यांना स्की करणारे मोगल म्हणतात, आणि लाल उतारांवरून आलेल्या माणसाची खरी परीक्षा चढणीपेक्षा या मोगलांवर होते. कूर्शव्हेलमध्ये यासाठी दोन चांगले उतार आहेत, स्वीस आणि शाँरोसा. दोन्ही उतार त्याच नावाच्या चेअरलिफ्टच्या परिसरात असल्यामुळे वर जाताना उताराचा बराच भाग नजरेखालून जातो. मी ज्या प्रशिक्षकासोबत अर्धा दिवस घालवला, त्यांनी एक पद्धत शिकवली: लिफ्टमध्ये बसल्यावर उताराकडे न बघता उतरणाऱ्या माणसांकडे बघायचे. आपल्या योग्यतेचा एखादा माणूस निवडायचा आणि तो कोठे थांबतो, कोठे त्याची स्की आवाज करते, कोठे तो आडवा जातो, एवढेच पाहायचे. स्कीच्या कडांचा खरवडल्यासारखा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू आला तर बर्फ कडक आहे; आवाज येत नसेल आणि वळणामागे बर्फाची भुकटी उडत असेल तर जायला हरकत नाही. आठवड्यातील सर्वांत मोलाचे शिक्षण मला याच अर्ध्या दिवसात मिळाले.

स्वीस उतारावर मोगल मोठे असले तरी दोन मोगलांच्या मधली दरी पुरेशी रुंद होती, आणि कडेने थोडी कमी त्रासाची वाट काढता येत होती. शाँरोसा अधिक उघडा आणि भव्य आहे. लिफ्टचे वरचे टोक अडीच हजार मीटरच्या वर असून मागे 3051 मीटर उंचीचे एग्वी द्यू फ्रुई शिखर उभे असते. रुंदीमुळे तिथे आडवे जात जात हवी तेवढी दूर वळणे घेता येतात, आणि म्हणून चढण जास्त असूनही मला शाँरोसा स्वीसपेक्षा सुसह्य वाटला. रुंद आणि तीव्र उतार हा अरुंद आणि मध्यम उतारापेक्षा नवख्या माणसाला सोपा जातो, हे मला तिथे पटले.

याच टप्प्यावर उपकरणांविषयी एक तक्रार नोंदवते. एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या स्कीच्या धातूच्या कडा बोथट होत्या, आणि लाल उतारांवर दोन दिवस ते माझ्या लक्षात आले नाही, कारण मऊ बर्फावर कडांची गरज फारशी भासत नाही. तिसऱ्या सकाळी स्वीसच्या वरच्या गोठलेल्या पट्ट्यावर खालच्या पायाची स्की निसटली आणि मी वीस-पंचवीस मीटर पाठीवर घसरत गेले. इजा झाली नाही, पण उरलेला उतार मी स्की आडव्या धरून, कडांवर घसरत घसरत उतरले. दुकानात गेल्यावर त्यांनी कुरकूर करीत का होईना, कडा घासून दिल्या. काळ्या उतारावर जाणाऱ्याने स्की ताब्यात घेतानाच नखाचा पृष्ठभाग कडेवर आडवा ओढून पाहावा. नखाची बारीक भुकटी निघाली तर कड धारदार आहे, नखावर नुसती घसरली तर ती दुकानातच बदलून मागावी.

आता सोलीर शिखरावरच्या ग्राँ कुल्वार या घळीविषयी, ज्यासाठी बरेच जण कूर्शव्हेलला येतात. व्हेर्दाँ या लिफ्टच्या ठाण्याहून निघणारी मोठी केबल कार सोलीरच्या माथ्याजवळ, सुमारे 2700 मीटरवर पोहोचते, आणि वर जाताना खडकांमधल्या उभ्या घळी खिडकीतून स्पष्ट दिसतात. त्यांपैकी एका घळीला एमिल आले यांचे नाव आहे. 1937 च्या जागतिक स्पर्धेत डाउनहिल (वेगाची शर्यत), स्लॅलम (खांबांमधून वळणांची शर्यत) आणि संयुक्त अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकणारे हे फ्रेंच स्कीपटू पुढे कूर्शव्हेलच्या उतारांच्या व्यवस्थेसाठी काम करीत होते. त्यांच्या नावाची घळ आणि केबल कारच्या खालची घळ यांची आज अधिकृत उतारांत गणना होत नाही. या घळींपैकी अधिकृत काळा उतार फक्त ग्राँ कुल्वार आहे, आणि ही गोष्ट वर जाण्यापूर्वी ध्यानात ठेवलीच पाहिजे. अधिकृत उतारावर हिमस्खलनाचा धोका पाहून तो उघडण्याची किंवा बंद ठेवण्याची जबाबदारी पिस्तरांची, म्हणजे उतारांच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांची असते. बाजूच्या घळीत ती जबाबदारी सर्वस्वी आपली होते, आणि 30 ते 45 अंशांचा कोन हा थर निसटून होणाऱ्या हिमस्खलनांचा नेहमीचा कोन आहे.

ग्राँ कुल्वारची खरी कठीण जागा घळीत नाही, तिच्याकडे नेणाऱ्या वाटेत आहे. माथ्यावरून एक अरुंद पायवाटेसारखी धार कड्याच्या बाजूने जाते, तिच्यावरही उंचवटे पडलेले असतात, वळण घ्यायला जागा जवळपास नसते, आणि मागून येणाऱ्यांची घाई जाणवत राहते. चौथ्या दिवशी मी तिथपर्यंत गेले. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, नवा बर्फ नव्हता, घळीच्या तोंडाशी बर्फ राखाडी आणि चकाकता दिसत होता, आणि खालून खरवडण्याचा आवाज सतत येत होता. वरच्या भागात चढण 35 अंशांच्या आसपास असते. अशा कोनात, अशा बर्फावर पडलेला माणूस थांबत नाही, तो घळीच्या तळापर्यंत जातो. स्की आडव्या धरून, एकेक पाऊल वर चढवत मी त्याच वाटेने परतले आणि नेहमीच्या लाल उताराने खाली आले. परत चढायला वीस मिनिटे लागली, आणि येणाऱ्यांना वाट देण्यासाठी चार वेळा कडेला अंग चोरून उभे राहावे लागले. तरीही तो निर्णय योग्य होता, असे मी आजही म्हणेन.

त्या रात्री बर्फ पडला. पाचव्या सकाळी ग्राँ कुल्वार बंद होता, सुरक्षेची कामे आटोपून तो अकराच्या पुढे उघडला, आणि मी साडेअकराला पुन्हा त्या धारेवर होते. आदल्या दिवशीची तीच जागा आता ओळखू येत नव्हती. धारेवर पाऊल रुतत होते, घळीच्या तोंडाशी मऊ बर्फाचा घोटाभर थर होता, आणि घळ स्वतः अपेक्षेपेक्षा कितीतरी रुंद निघाली. पहिली तीन वळणे मी अत्यंत सावकाश, प्रत्येक वळणानंतर पूर्ण थांबून घेतली. चौथ्यापासून ताल सापडला. मोगल सहन होतात, स्की आडव्या धरून घसरत उतरणे दोन्ही बाजूंनी जमते, आणि लाल उतारावर कमी जागेत वळण घेता येते, अशा कोणालाही ग्राँ कुल्वार ताज्या बर्फात आवाक्यातला आहे. कडक बर्फात तो माझ्या पातळीच्या माणसाचा नाही.

एक्लिप्स या उतारावर मी गेले नाही. 2023 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुषांची डाउनहिल शर्यत याच उतारावर झाली आणि मार्को ओडरमॅट यांनी ती जिंकली. शर्यतींसाठी बर्फ मुद्दाम कठीण केला जातो, त्यामुळे अशा उतारावर पहिला काळा अनुभव घेऊ नये, एवढेच म्हणते.

राहिल्या दोन व्यावहारिक गोष्टी. धुक्यात उतरायची वेळ आली तर फ्रान्समधील उतारांच्या कडेचे खांब वाचायला शिकून जावे: खांबावरचे आकडे खाली जाताना कमी होत एकापर्यंत येतात, आणि उताराच्या उजव्या बाजूच्या खांबांची टोके नारिंगी असतात. झाँ ब्लाँच्या वरच्या भागात सहाव्या दिवशी पाच मीटरपलीकडचे काही दिसत नव्हते, तेव्हा या नारिंगी टोकांच्या आधारानेच मी झाडांपर्यंत पोहोचले. दुसरी गोष्ट विम्याची. उतारावर जखमी झालेल्याला स्लेजवरून खाली आणण्याचा खर्च फ्रान्समध्ये त्याच्याकडून घेतला जातो, म्हणून लिफ्टचा पास घेतानाच बचावकार्याचा विमा जोडून घ्यावा, आणि त्याची प्रत खोलीत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी.