एव्हीएमचा फॉलोअप एमआरआय: मुंबई नाक्याजवळच्या निदान केंद्राविषयी

मेंदूतील एव्हीएमवर, म्हणजे रोहिणी आणि नीला यांच्या विकृत गुंत्यावर, गामा नाईफचे (नेमक्या जागी किरण एकवटण्याचे) उपचार झाले म्हणजे आजार त्याच दिवशी संपला, असे होत नाही. या आजारात रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे नसते, त्यामुळे जोराचे रक्त थेट नीलांमध्ये शिरते. किरणोपचारानंतर त्या गुंत्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून हळूहळू जाड होत जातात आणि गुंता पूर्ण बंद पडायला साधारण दोन ते तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम असतो. माझ्या धाकट्या बहिणीवर मुंबईत हे उपचार झाले आणि तेव्हापासून ठरावीक काळाने होणारे तिचे एमआरआय आम्ही नाशिकमध्येच, मुंबई नाक्याजवळच्या एका निदान केंद्रात करून घेत आहोत. केंद्राचे नाव मी येथे लिहीत नाही. जे प्रश्न मी पुढे मांडतो आहे ते शहरातील कोणत्याही केंद्रात विचारता येतील, आणि तेच विचारले जावेत अशी माझी इच्छा आहे.

या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तेथे जुन्या तपासणीला महत्त्व दिले जाते. वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हाच समोरून विचारणा झाली, "ताईंची मागची सीडी आहे ना? फक्त रिपोर्ट आणू नका, सीडी आणा." फॉलोअपमध्ये आजचे चित्र एकटे फारसे काही सांगत नाही, गुंता मागच्या वेळेपेक्षा किती आक्रसला, त्यातून निघणारी फुगलेली नीला बारीक झाली का, हे दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवूनच कळते. यापूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी आम्हाला जो रिपोर्ट मिळाला, त्यात 'विशेष बदल नाही' असे लिहिले होते, पण तुलनेसाठी जुनी चित्रे कोणी मागितलीच नव्हती. असा रिपोर्ट घेऊन कसारा घाट उतरून मुंबईला जायचे आणि तेथील न्यूरोसर्जनने तो बाजूला ठेवून स्वतः चित्रे पाहत बसायचे, यात रुग्णाचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

तपासणीचा दर्जा केवळ यंत्राचे चुंबक दीड टेस्ला ताकदीचे की तीन टेस्लाचे यावर ठरत नाही. तीन टेस्लावर बारीक रक्तवाहिन्या अधिक स्पष्ट दिसतात हे खरे, पण कोणकोणते क्रम, म्हणजे चित्रे घेण्याचे वेगवेगळे प्रकार, घेतले जातात हे त्याहून महत्त्वाचे आहे. डोकेदुखीसाठी सर्वसाधारणपणे जो एमआरआय होतो तो येथे पुरत नाही. वाहते रक्त उजळ दाखवणारी अँजिओग्राफी, जुन्या रक्तस्रावाच्या खुणा टिपणारा एसडब्ल्यूआय, किरणांमुळे आजूबाजूच्या भागात सूज आली आहे का ते दाखवणारा फ्लेअर, आणि गरजेनुसार कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे इंजेक्शन), एवढे तरी हवेच. त्यातही साध्या एमआर अँजिओग्राफीला मर्यादा आहेत: मंद झालेला प्रवाह तिच्यात दिसेनासा होतो, आणि गोठलेले रक्त काही काळ उजळ दिसत असल्यामुळे बंद पडलेली वाहिनीही चालू असल्यासारखी भासू शकते. येथेच एएसएल नावाचा क्रम उपयोगी पडतो. त्यात कोणतेही इंजेक्शन न देता, मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्यालाच चुंबकीय खूण केली जाते. निरोगी मेंदूत ते रक्त केशवाहिन्यांतून पेशीजालात पसरते आणि ती खूण वाटेतच विरून जाते. पण गुंता अजून चालू असेल तर तेच रक्त थेट नीलेत पोहोचते आणि ती नीला चित्रात उजळून निघते. अगदी थोडा प्रवाह शिल्लक असला तरी अनेकदा तो असा पकडता येतो. बहिणीच्या गेल्या तपासणीत हा क्रम घेतला गेला आणि रेडिओलॉजिस्टनी तिच्या डाव्या बाजूच्या नीलेचा उल्लेख वेगळ्या वाक्यात केला, याचा मुंबईच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष उपयोग झाला.

तरीही माझी पहिली तक्रार याच बाबतीत आहे. एएसएलची सोय त्यांच्या यंत्रात असूनही तो क्रम आपणहून घेतला जात नाही; आम्ही न्यूरोसर्जनकडून चिठ्ठीवर लिहून आणले म्हणून तो झाला. त्यासाठी काही मिनिटेच जास्त लागतात. कळवण किंवा सुरगाण्याहून येणाऱ्या, अशी चिठ्ठी हातात नसलेल्या माणसाला तो कोण सुचवणार?

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कर्मचारी काटेकोर आहेत. गामा नाईफच्या आधी बहिणीच्या काही रक्तवाहिन्या कॅथेटरमधून द्रव्य सोडून बंद केल्या होत्या. ते कळताच तंत्रज्ञांनी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पाहिल्याशिवाय तिला आत घेतले नाही. हल्लीची अशी द्रव्ये आणि प्लॅटिनमची कॉइल सहसा एमआरआयला चालतात, पण मेंदूतील जुन्या काळच्या काही धातूच्या क्लिप चालत नाहीत, म्हणून हा आग्रह योग्यच आहे. मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना काढून ठेवण्यासाठी स्वतंत्र खोली आणि कुलूप आहे. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, ताजा रिपोर्ट मागितला जातो.

रिपोर्टच्या भाषेविषयीही लिहायला हवे. किरणोपचारानंतर साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात गुंत्याभोवतीचा भाग एमआरआयमध्ये पांढुरका दिसू लागणे ही अनेक रुग्णांत घडणारी गोष्ट आहे. बहुतेकदा ती पुढे आपोआप ओसरते, काही वेळा औषधे द्यावी लागतात. बहिणीच्या एका रिपोर्टमध्ये हा बदल आला तेव्हा घरात सगळे धास्तावले होते. पण रेडिओलॉजिस्टनी त्यात किरणोपचाराची तारीख नमूद करून, हा बदल उपचाराशी सुसंगत दिसतो आणि ताज्या रक्तस्रावाची खूण नाही, असे स्पष्ट लिहिले होते. एका वाक्याने किती रात्रींची झोप परत मिळते, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यालाच कळेल. गुंत्याची मापे तिन्ही दिशांनी आणि मागच्या मापांसह दिली जातात, हेही मला फार मोलाचे वाटते.

उणिवा आणखी आहेत. प्रतीक्षागृह अरुंद आहे आणि अपघाताचा रुग्ण मध्ये आला की ठरलेली वेळ पाळली जात नाही. अपघातग्रस्ताला आधी घ्यावे यात वाद नाही, पण ताटकळणाऱ्यांना किती उशीर होईल ते कोणी सांगत नाही. छापील फिल्मवर मोजकीच चित्रे असतात आणि सर्व चित्रांची सीडी मागितल्यावरच मिळते. खरे तर या आजारात फिल्मपेक्षा सीडीचेच मोल जास्त आहे.

एमआरआयमध्ये गुंता दिसेनासा झाला, तरी तो खरोखर बंद पडला हे ठरवण्यासाठी शेवटी कॅथेटरने केली जाणारी डीएसए अँजिओग्राफीच करावी लागते. ती मांडीतून किंवा मनगटातून रक्तवाहिनीत नळी घालून होते, तिच्यात पक्षाघाताचा थोडा धोका असतो, आणि म्हणूनच ती दर वेळी न करता एमआरआयवर लक्ष ठेवून योग्य वेळ आल्यावर केली जाते. ही तपासणी या केंद्रात होत नाही. त्यासाठी कॅथलॅब आणि न्यूरोइंटरव्हेन्शन (मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर नळीतून उपचार) जाणणारे डॉक्टर असलेले रुग्णालय लागते. केंद्राने आम्हाला हे आपणहून सांगितले, खोटी खात्री दिली नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर पूर्ण बंद पडलेला गुंता काही वर्षांनी पुन्हा उद्भवल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा मुलांच्या पालकांनी पुढील तपासण्यांचे वेळापत्रक आपल्या न्यूरोसर्जनकडून लेखी घ्यावे.

येथे जायचे असेल तर फोनवरच 'एव्हीएमचा फॉलोअप' असे स्पष्ट सांगावे, उपचाराची तारीख, डिस्चार्ज कार्ड, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि आधीच्या सर्व सीडी सोबत ठेवाव्यात, आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी. मेंदूचे एमआरआय पाहणारे वरिष्ठ रेडिओलॉजिस्ट दुपारपर्यंतच तेथे असतात, आणि त्या वेळेत तपासणी झाली तर एखादा क्रम पुन्हा घ्यायचा की नाही हे रुग्ण यंत्रावर असतानाच ते ठरवतात.