अडीच एकर द्राक्षबाग आणि २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर

आमची बाग अडीच एकर, सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीच्या शिवारात. दोन ओळींत अंतर नऊ फूट. एवढ्याशा रानाला स्वतःचा ट्रॅक्टर कशाला, असं मामंजी अजूनही ऐकवतात. हिशेब मांडला तर त्यांचंच खरं. हप्ता, विमा, डिझेल, ऑइल धरलं तर भाड्याचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणी पंप, स्वस्त पडतो. तरी हा मिनी विकायला मी तयार नाही.

सप्टेंबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) घेतली की ऑक्टोबरात बाग दोड्यात (कळ्यांत), फुलोऱ्यात येते आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. रात्रभर पानं ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग थेट घडावर. सकाळी थोडी उघडीप मिळाली की तेवढ्यातच औषध बसायला पाहिजे. त्या दिवशी भाड्याचा ब्लोअरवाला फोन उचलत नाही. उचललाच तर "ताई, तुमच्या आधी चार जण हायत." संध्याकाळी तो येईपर्यंत पुन्हा भुरभुर सुरू. आता पाऊस थांबला की टाकीत औषध कालवून मी निघते. पैसे गेलेत ते यासाठी.

आमचा तीन सिलिंडरचा, फोर व्हील आहे. टू व्हील स्वस्त मिळत होता, पण ब्लोअरची टाकी ६०० लिटरची, म्हणजे नुसतं पाणीच सहा क्विंटल. ते मागं ओढत पावसानंतरच्या काळ्या रानातून जायचं तर मागची चाकं जागेवर फिरतात आणि ट्रॅक्टर बोधाकडं (वेलींच्या मातीच्या वरंब्याकडं) सरकतो. पुढच्या चाकांचा लिव्हर टाकला की तोच ट्रॅक्टर चिखलातून सरळ निघतो. ओळ संपली की वळायच्या आधी पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, बंद करायचा. तसाच फिरवत वळलं तर शाफ्टचा जॉइंट खडखडतो आणि त्यातला क्रॉस लवकर झिजतो. भाड्यानं येणारी पोरं हे कधीच पाळत नाहीत, शाफ्ट त्यांच्या बापाचा नसतो ना!

सायलेन्सर खालून काढलेला आहे, त्यामुळं काड्या भाजत नाहीत. मागची सेफ्टीची कमान बागेत दुमडावी लागते. मांडवाखालून जाताना मान मात्र वाकवावीच लागते. साडीचा पदर काड्यांत अडकतो म्हणून मी वरून मालकांचा शर्ट चढवते, वर टोपी. गावात आधी हसले, आता कुणी बघतसुद्धा नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. इंजिनाची झळ सरळ पायांवर येते. माझ्या उंचीला सीट पूर्ण पुढं घेऊनही क्लच लांबच पडतो. उन्हाळ्यात चार फुटी रोटाव्हेटर मारताना रेडिएटरच्या जाळीत पाचोळा आणि फुफाटा बसतो, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागतो. ओळीच्या टोकाला उतरून ब्रश मारावा लागतो. खोल नांगरट या मशीनचं काम नव्हे. त्याला अजून मोठा ट्रॅक्टरच सांगतो. उसाच्या ट्रॉलीचं तर नावच नको.

विकणाऱ्यांबद्दल बोलायचं तर गाडी द्यायच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं झालं, पण पासिंगच्या कागदांसाठी हेलपाटे मारायला लावले. पन्नास तासांची पहिली सर्व्हिस फुकट म्हणाले, फुकट फक्त मजुरी. ऑइल-फिल्टरचं बिल हातात आलं. हे आधीच लिहून घ्या.

घेणार असाल तर शोरूमच्या फरशीवर फेरी मारून ठरवू नका. ट्रॅक्टर ओळीत मावतो का ते बघायला एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. मग ट्रायलला गाडी तुमच्या बागेत मागवा, तुमचाच ब्लोअर टाकी भरून जोडा आणि सगळ्यात अरुंद टोकाला वळवून बघा. शक्यतो रान ओलं असताना. "साहेब, ऊन पडू द्या, मग बघू" म्हणणारा सेल्समन असेल तर दुसरं दुकान बघा.

जाऊबाईंची दीड एकर बागही आता मीच फवारते. डिझेल त्यांचं, आणि माझ्या घडांच्या विरळणीला त्यांच्या घरच्या दोघी येतात.