क्लाउड नेटवर्किंग शिकायला टेराफॉर्म: नवशिक्यांसाठी रिव्ह्यू

क्लाउड नेटवर्किंग शिकायचंय तर टेराफॉर्मनेच (क्लाउडमधल्या गोष्टी कोड लिहून उभ्या करायचं टूल) सुरुवात करा असं मी हल्ली सगळ्यांना सांगते, आधी कन्सोलवर (ब्राउझरमध्ये क्लिक करून काम करायच्या पानावर) हात बसवा मग कोड लिहा म्हणणारे खूप आहेत पण मला ते पटत नाही. एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) कन्सोल व्हीपीसी (आपलं स्वतःचं खाजगी नेटवर्क), सबनेट (त्याचा एक तुकडा), राउट टेबल (ट्रॅफिक कुठे पाठवायचा त्याचा तक्ता), गेटवे (बाहेर जायचं दार) सगळं एका फटक्यात करून देतं आणि इंटरनेट नक्की कशामुळे चालू झालं हे शिकणाऱ्याला कळतच नाही.

टेराफॉर्ममध्ये एकेक गोष्ट स्वतः लिहावी लागते. व्हीपीसी, त्यात सबनेट, इंटरनेट गेटवे, मग राउट टेबलमध्ये ०.०.०.०/० चा (म्हणजे बाहेरच्या कुठल्याही पत्त्यासाठीचा) राउट त्या गेटवेकडे, आणि शेवटी ते टेबल सबनेटला जोडणारा असोसिएशनचा छोटासा ब्लॉक. हा ब्लॉक राहून गेला तरी अप्लाय (कोड प्रत्यक्ष लागू करणारी कमांड) व्यवस्थित पास होतं, एरर एकही नाही, आणि सर्व्हरपर्यंत मात्र बाहेरून पोचता येत नाही. सबनेटला पब्लिक नाव दिलं म्हणून ते पब्लिक होत नाही, त्या राउटमुळे होतं, हे हाताने लिहिल्यावर जे डोक्यात बसतं ते पुन्हा जात नाही. म्हणून तयार व्हीपीसी मॉड्यूल (हे सगळं आधीच लिहून ठेवलेला कोड) सुरुवातीला वापरूच नका, नंतर खुशाल वापरा.

सगळ्यात भारी म्हणजे प्लॅन कमांड. काय नवीन बनणार, काय बदलणार, काय उडणार हे आधीच दाखवते. चालू व्हीपीसीची मुख्य रेंज (पत्त्यांचा पट्टा) १०.०.०.०/१६ वरून दुसरी करून बघा, प्लॅन सरळ सांगतो की हे बदलता येत नाही, पाडून नवीन बांधावं लागेल. त्यामुळे रेंज आधी कागदावर ठरवा. /२४ च्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात पण एडब्ल्यूएस ५ स्वतःकडे ठेवतं, हातात २५१. डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक रिसोर्सचं उदाहरण आहे, छानच आहे, फक्त नेटवर्किंगची बेसिक माहिती तुम्हाला आहे असं धरूनच लिहिलंय.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते. कन्सोलवर सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरवर कुठला ट्रॅफिक येऊ-जाऊ द्यायचा त्याचे नियम) बनवला की बाहेर जाणारा ट्रॅफिक आपोआप चालू असतो, टेराफॉर्म तो डिफॉल्ट नियम काढून टाकतं, तो स्वतः लिहायचा. मला हेही बरोबरच वाटतं, जे लिहिलंय तेवढंच चालणार.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो स्टेट फाइलसाठी (आपण काय काय बनवलं याची टेराफॉर्म ठेवतं ती नोंद), त्यात पासवर्डसारख्या गोष्टीही साध्या टेक्स्टमध्ये पडून राहू शकतात आणि नवीन लोक ती बिनधास्त गिटमध्ये टाकतात, तर गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइल घ्यायच्या नाहीत त्या यादीत) तिचं नाव पहिल्याच दिवशी घाला. टेराफॉर्मचं लायसन्स २०२३ मध्ये बदललं, पूर्ण ओपन सोर्सच हवं असेल तर त्याच्याच कोडवरून निघालेलं ओपनटोफू आहे, शिकण्यापुरता कोड जवळपास तोच चालतो.

प्रॅक्टिस झाली की डिस्ट्रॉय (बनवलेलं सगळं काढणारी कमांड) चालवाच, कारण नॅट गेटवे (खाजगी सबनेटमधून बाहेर जायला लागतो तो) बनवला असेल तर तो नुसता पडून असला तरी तासावर बिल चालू राहतं. आणि मध्येच कन्सोलमधून त्या सबनेटमध्ये एखादा सर्व्हर हाताने टाकला असेल तर तो आधी काढा, टेराफॉर्मला त्याचा पत्ताच नसतो, सबनेट काढताना बराच वेळ अडकून बसतं आणि शेवटी डिपेंडन्सीची एरर देतं.