हमिंगबर्डचे फोटो: फीडर टांगावा की फुलझाडं लावावीत?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया या पट्ट्यात घर असेल तर अंगणात येणारा हमिंगबर्ड जवळजवळ नक्कीच रुबी-थ्रोटेड. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पिल्लं काढणारी ही एकच जात. एप्रिलच्या अखेरीस येतो, ऑक्टोबर लागेपर्यंत गेलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या बे एरियावाल्यांकडे ॲनाज हमिंगबर्ड बाराही महिने असतो, त्यांना घाई नाही. इकडच्यांना मात्र हिवाळा संपता संपताच ठरवावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो: हात बसवायला फीडर (साखरपाण्याचं टांगतं भांडं), भिंतीवर लावायच्या फोटोसाठी फूल. आणि पहिल्याच वर्षी दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर फीडर.

कारण साधं आहे. तीन-साडेतीन ग्रॅमचा हा जीव सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो, आणि कुठून उगवेल सांगता येत नाही. फीडरमुळे निदान जागा तरी पक्की होते. एक भोक सोडून बाकीची टेपने बुजवा. मग तो कुठल्या बाजूला येणार तेही कळतं. चोच आत असताना शटर दाबू नका. दोन-तीन घोट झाले की तो वीतभर मागे सरकतो, हवेत स्थिर राहतो आणि पुन्हा पुढे येतो. फोटो त्या मागे सरकण्यात आहे. तेवढ्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवायचा आणि बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेम, सोडायचा.

उजेडाच्या बाबतीत फीडर फारच पुढे आहे. नराच्या गळ्याचा लाल रंग हा रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे परावर्तित होणारा आहे. कोन जमला तर निखारा, नाही जमला तर गळा सरळ काळा. सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याची छाती तुमच्याकडे, हे जुळायला हवं. फीडर फिरवून ते जुळवता येतं. फुलावर तो त्याच्या मर्जीने वळतो. मागची झाडी पाच-सहा मीटर लांब असेल अशी जागा निवडली की बॅकग्राउंडही मऊ येतं. लेन्स घेताना मात्र किमान फोकस अंतर, म्हणजे ती किती जवळचं टिपू शकते, ते बघा. सोनीची २००-६०० फार तर २.४ मीटरपर्यंत जवळ फोकस करते, कॅननच्या १००-४०० ची दुसरी आवृत्ती एका मीटरच्या आतही. इवल्याशा पक्ष्याने फ्रेम भरायची तर हा फरक मोठा आहे.

फीडरचा तोटाही उघड आहे: प्रत्येक फ्रेमच्या कडेला लाल प्लॅस्टिक. कापलं तरी पक्षी हवेत कशाकडे बघतोय ते कळत नाही. शिवाय कामही मागे लागतं. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, बस. गूळ नाही, मध नाही, खायचा रंगही नाही. जुलैच्या उकाड्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि फीडर घासायचा. आठ दिवस भारतात जाणार असाल तर उतरवूनच जा. काचेपासून एक तर तीन फुटांच्या आत टांगा, नाही तर चांगला लांब; मधल्या अंतरावर पक्षी वेगात येऊन काचेवर आपटतात.

आता फुलं. इथे सगळी फुलं फोटोच्या दृष्टीने सारखी नाहीत. ट्रम्पेट व्हाइनवर पक्षी तुटून पडतात, पण नळी इतकी रुंद की डोकं आत जातं आणि फोटोत उरते शेपूट. त्यात ही वेल मुळांनी पसरते, भिंतीवर चढते. टाउनहाउसमध्ये तर नकोच. बी बाम खूप चांगलं: बारीक नळ्यांचा गुच्छ, एकेक नळी तपासत पक्षी एकाच फुलाभोवती रेंगाळतो आणि चेहरा बाहेर राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये कार्डिनल फ्लॉवर फुलतं, त्याला ओलसर जमीन लागते. त्याचे परागकोश वरून वाकलेले असतात आणि रस पिताना थेट डोक्याला टेकतात. कपाळाला गंध लावल्यासारखा परागांचा ठिपका घेऊन तो मागे सरकतो, ती फ्रेम फीडरवर मिळणं नाही. बाल्कनीतल्या कुंडीसाठी निळा साल्व्हिया घ्या. लाल फूलच लागतं असं काही नाही.

पुण्या-मुंबईत जास्वंदीवर शिंजीर टिपलेल्यांना हे सोपं वाटेल. पण शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून रस पितो. इथे पक्षी हवेत लटकलेला, वाऱ्याने फूल हलतंय आणि ऑटोफोकस पाकळीला चिकटलेला. फुलांवर वाया जाणाऱ्या फ्रेम कितीतरी जास्त.

शटरचं गणित दोन्हीकडे एकच. १/१००० सेकंदाला पंख धूसर, १/३२०० च्या पुढे ते बऱ्यापैकी थांबतात. मिररलेस कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि सेन्सरचं रीडआउट (चित्र वाचून घेण्याचा वेग) संथ असेल तर पंख वाकडे येतात, मेकॅनिकल वापरा. मला विचाराल तर थोडी धूसर पंखांची टोकंच बरी, उडतोय असं तरी वाटतं. पंखाचं पीस न् पीस हवं असेल तर फ्लॅश. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकातच स्ट्रोबने (क्षणभर चमकणाऱ्या दिव्याने) हमिंगबर्ड थांबवून दाखवला होता. आज तीन-चार फ्लॅश १/१६ किंवा त्याहून कमी ताकदीवर लावतात, म्हणजे चमक अतिशय अल्पकाळ टिकते. पण त्याला पक्षी ठरलेल्या जागीच लागतो, म्हणून हा खेळ फीडरपाशीच. मागे बहुधा छापील बॅकग्राउंड. सुंदर दिसतं, पण स्टुडिओतलं वाटतं.

मधला मार्ग असा: फीडरच्या शेजारी फुललेली कुंडी ठेवायची. एखादा नर फीडरवर हक्क सांगून इतरांना हुसकावतो आणि हाकललेले पक्षी फुलांकडे वळतात. तासाभरासाठी फीडर आत घेतला तर तो नरही वळतो. फोटोखाली फीडरचा उल्लेख मात्र करावा.

महिन्यांचा हिशोबही बघा. लाल गळ्याचे नर मे ते जुलै. ऑगस्टच्या सुरुवातीपासूनच ते आधी निघतात. नंतर गर्दी वाढते, पण ती माद्यांची आणि पांढऱ्या गळ्याच्या पिल्लांची. मेमध्ये बी बाम फुललेलं नसतं, तेव्हा फीडर हवाच. अपवाद कोरल हनीसकल वेलीचा: ती पक्षी येतात त्याच सुमारास फुलते, कुंपणावर शिस्तीत राहते. नर्सरीत घेताना लेबलवर ‘लोनिसेरा सेम्परव्हिरेन्स’ लिहिलंय ना ते वाचा. जपानी हनीसकल घेऊ नका, ती सगळं रान गिळते.