एकाच स्वराला श्वास देणारा कीबोर्ड: एक्सकी २५ आठ महिने वापरल्यानंतर

मी मुळात पेटी वाजवतो. पेटीवर सा आणि प धरून चाल वाजवताना भात्याला जोर दिला, की धरलेले सगळे स्वर एकदमच फुलतात. गंधार तेवढा वर यावा आणि खालचे सा-प शांत राहावेत, ही इच्छा तिथे पुरी होत नाही. मिडी ही वाद्ये आणि संगणक यांच्यात वाजवण्याचे संदेश पाठवण्याची पद्धत. बहुतेक मिडी कीबोर्डांवरचा आफ्टरटच, म्हणजे पट्टी खाली गेल्यानंतर दिलेला जास्तीचा दाब, या भात्यासारखाच वागतो. सगळ्या पट्ट्यांखाली दाब ओळखणारी एकच पट्टिका असते, त्यामुळे कोणते बोट दाबले हे तिला कळतच नाही. पॉलिफोनिक आफ्टरटचमध्ये प्रत्येक पट्टीचा दाब स्वतंत्रपणे मोजला जातो.

ही कल्पना जुनी आहे. यामाहाच्या १९७७ च्या सीएस-८० वर ती होती, पण ते वाद्य सुमारे १०० किलो वजनाचे होते. १९८३ च्या मिडी मानकातही तिला स्वतंत्र संदेश मिळाला. तरीही प्रत्येक पट्टीखाली वेगळा सेन्सर बसवून ते सगळे एकसारखे जुळवणे खर्चिक असल्याने स्वस्त कीबोर्डांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही.

माझी पहिली खरेदी फसली. एका ४९ पट्ट्यांच्या कंट्रोलरच्या (स्वतःचा आवाज नसलेल्या, संगणकाला जोडायच्या कीबोर्डच्या) जाहिरातीत 'पॉलिफोनिक आफ्टरटच' असे ठळक लिहिले होते. घरी आणून जोडल्यावर समजले, की ते केवळ वरच्या आठ पॅडांपुरते, म्हणजे बोटांनी ठोकायच्या चौकोनी बटणांपुरते, होते आणि पट्ट्यांवर कोणताच आफ्टरटच नव्हता. म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकात 'पट्ट्या' आणि 'पॅड' यांच्या नोंदी वेगवेगळ्या वाचाव्यात, आणि शक्य असेल तर मिडी मॉनिटर, म्हणजे कीबोर्डचे संदेश पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, उघडून पाहावे. दाबाच्या प्रत्येक ओळीत स्वराचा क्रमांक दिसला, तर तो पॉलिफोनिक. नुसताच दाबाचा आकडा दिसला, तर तो भाता.

त्यानंतर मी सीएमई या कंपनीचा एक्सकी २५ घेतला. पूर्ण रुंदीच्या २५ पट्ट्या, ॲल्युमिनियमचा पातळ सांगाडा, वजन सुमारे ६०० ग्रॅम. पहिल्या संध्याकाळी मिडीच्या स्वर क्रमांक ४८ वर सा, ५५ वर प धरला, ६४ वरचा गंधार हळूच दाबला, आणि मॉनिटरवर ६४ पुढचाच आकडा शून्यापासून १२७ कडे चढत गेला. सर्ज एक्सटी या मोफत सिंथमध्ये, म्हणजे संगणकावर आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पॉलिफोनिक आफ्टरटच आवाज उजळ-मंद करणाऱ्या फिल्टरला जोडल्यावर तो गंधार उजळत गेला, आणि सा-प जागचे हलले नाहीत. ज्यासाठी पैसे टाकले ते नेमके हेच होते, आणि आठ महिन्यांनंतरही त्याची गोडी उतरलेली नाही.

हात मात्र नव्याने घडवावा लागला. या पट्ट्या फार थोड्या खाली जातात, त्यामुळे वाजवणे कुठे संपले आणि दाब कुठे सुरू झाला, ही सीमा बोटांना उशिरा सापडते. माझा अंगठा इतर बोटांपेक्षा जड पडतो, म्हणून पहिले काही आठवडे सा नकळत फुगत राहिला. सोबतच्या एक्सकी प्लस या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्यांचा प्रतिसाद बदलता येतो. त्यात थोडा फेरफार केला, पण खरा उपाय रोज दहा मिनिटे एकेक बोट दाबून मॉनिटरवरचा आकडा अर्ध्यावर धरून ठेवणे हाच ठरला.

२५ पट्ट्यांत सा-प धरल्यावर चालीला जेमतेम तार षड्जापर्यंत जागा उरते, आणि पेडल जोडण्याची सोय नाही. ३७ पट्ट्यांच्या एक्सकीवर पेडलसाठी वेगळी केबल जोडता येते, त्यामुळे दोन हातांनी वाजवणाऱ्याने थोडे अधिक पैसे साठवून तोच घ्यावा, असे मी म्हणेन. ज्यांना सिंथही हवा आहे त्यांनी हायड्रासिंथ एक्सप्लोररचा विचार जरूर करावा. त्याच्या ३७ पट्ट्या लहान आहेत, पण दाब प्रत्येकीचा स्वतंत्र आहे आणि तो संगणकासाठी कंट्रोलर म्हणूनही वापरता येतो. त्याहून जास्त पट्ट्या हव्या असतील, तर कॉर्गचा २०२३ मधला कीस्टेज ४९ आणि ६१ पट्ट्यांत मिळतो. माझ्या टेबलावर मुख्य कीबोर्ड अजूनही जुनाच आहे. एक्सकी त्याच्या पुढ्यात आडवा ठेवलेला असतो, आणि सा-प धरायची वेळ आली की हात आपोआप त्याच्याकडे जातो.