फुलांसाठी रेनॉक्स डीसीआर-150च घ्या

कॅमेऱ्याबरोबर 55-250 मिलिमीटरसारखी झूम लेन्स आहे आणि फुलं जवळून टिपायला नुकतीच सुरुवात केली आहे, अशा सगळ्यांना मी एकच सांगते. मॅक्रो लेन्सचे, म्हणजे अगदी जवळून टिपायच्या खास लेन्सचे पैसे आत्ता घालू नका, रेनॉक्सची डीसीआर-150 घ्या. शेजारी ठेवलेली त्याच कंपनीची डीसीआर-250 जास्त ताकदीची आहे असं कुणी म्हणालं, तरी 150च घ्या.

ही जपानी कंपनीची क्लोज-अप लेन्स, म्हणजे आपल्या लेन्सच्या तोंडाशी बसवायचं भिंग. 150ची ताकद 4.8 डायऑप्टर, 250ची 8. आकडा मोठा ती चांगली, असं फुलांच्या बाबतीत होत नाही. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर 150 लावल्यावर फूल भिंगापासून साधारण 20 सेंटिमीटरवर असताना स्पष्ट दिसतं. 250ला तेच अंतर साडेबाराच्या आसपास येतं. माझ्या गॅलरीत अबोली, मोगरा, तगर सगळं दाटीनं आहे. साडेबारा सेंटिमीटरवर जायचं तर पुढची फांदी भिंगाला लागते, झाड हलतं, आणि कॅमेऱ्याची सावली नेमकी फुलावर पडते. वीस सेंटिमीटरला मधे हात घालून पान बाजूला धरता येतं. माझा भाचा मुंग्या आणि कोळी टिपतो, त्याच्याकडे 250 आहे आणि त्याला तीच हवी. "मावशी, तू पण हीच घे," असा त्याचा आग्रह होता. दोन्ही एकाच मोगऱ्यावर लावून पाहिल्या, तेव्हा तोही 150च्या बाजूनं आला.

किती मोठं दिसेल, याचा हिशेब सोपा आहे: झूमचा आकडा भागिले 208 (150चं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये). म्हणजे झूम 100वर असताना फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मं उमटतं, 250वर 1.2 पट. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात याचा अर्थ असा की झूम 55वर असताना चौकटीच्या रुंदीत साधारण साडेआठ सेंटिमीटर मावतात, म्हणजे अख्खा गुलाब. तिथेच उभं राहून झूम 250ला नेली की चौकट दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान होते आणि मधले पुंकेसर दिसायला लागतात. कॅनॉनची 55-250 एसटीएम नुसती वापरली तर ती 85 सेंटिमीटरच्या अलीकडे फोकसच करत नाही आणि चौकट पावणेआठ सेंटिमीटरच्या खाली येत नाही. मोगरा त्यात हरवून जातो.

स्वस्तातले +1, +2, +4, +10 असे गोल फिल्टरांचे संचही मिळतात. एका काचेचे असतात ते. लांब झूमवर लावले की पांढऱ्या पाकळीच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसते. रेनॉक्स अक्रोमॅट आहे, रंग फाकू नयेत अशी काचांची जुळणी असते तिच्यात. तगरीची पाकळी हा मला त्यासाठी सगळ्यात कडक पेपर वाटतो, आणि त्यात ती उत्तम पास होते.

भिंग लावलं की फोटो आपोआप सुधारतात असं मात्र नाही. खरं शिकणं तिथून सुरू होतं. पहिली अडचण फोकसची. झूम 250च्या आसपास असताना लेन्सचं छिद्र एफ 8 इतकं लहान ठेवूनसुद्धा स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ऑटोफोकस पाकळीच्या कडेला धरतो, परागकण धूसर. म्हणून फोकस हातानं एकदा लावून ठेवायचा, रिंगला परत हात लावायचा नाही, आणि आपण स्वतः हळूच पुढं-मागं व्हायचं. हवा तो भाग स्पष्ट झाला की लागोपाठ चार-पाच क्लिक. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, पण पुढं-मागं होणारी हालचाल थांबवत नाही, त्यामुळे कोपर बरगडीला टेकवा नाहीतर कठड्याला. मी एफ 8 ते 11 आणि शटर 1/250 धरते, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 800पर्यंत बिनधास्त चढवते. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेलं फूल नाही चालत.

जास्वंदीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. तिचा दांडा चार-पाच सेंटिमीटर पुढं आलेला असतो, समोरून घेतला तर टोक तरी मिळतं नाहीतर पाकळी तरी. बाजूनं घ्या, दांडा सेन्सरला समांतर ठेवून. मग टोकावरचे पाच लाल मखमली ठिपके आणि खालचे पिवळे पुंकेसर एका रेषेत येतात. लाल रंग कॅमेऱ्यात लवकर उतू जातो आणि पाकळीच्या शिरा दिसेनाशा होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा, हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) लाल रेघ उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. मोगरा, तगर चौकटभर असतील तर उलट, थोडं वाढवा, नाहीतर पांढरं राखाडी होतं.

उन्हाला बटर पेपर आडवा धरा. सावलीच्या बाजूला साडीच्या खोक्याचं पांढरं झाकण उभं करा. आणि वारा! उत्तरायणाच्या सुमारास बडोद्यात पतंगाला हवी तशी हवा सुटते, तेव्हा गच्चीवर फुलांचा नाद सोडून मी खंडेराव मार्केटमधून झेंडू आणते आणि खिडकीपाशी ठेवते. तिथला फुलवाला पहिल्यांदा विचारता झाला होता, "बेन, फोटो पाडवो छे के फूल लेवां छे?" फोटो काढायचाय की फुलं घ्यायचीत? दोन्ही, म्हटलं. एकेरी झेंडू झूम 250ला नेऊन पाहा. मधला भाग म्हणजे छोट्या नळीसारख्या फुलांचा गर्दीनं भरलेला गुच्छ असतो, एकेकाचं तोंड उघडलेलं. वर्षानुवर्षं तोरणं ओवली तरी हे डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं.

कामाटीबागेत मात्र 150ची मर्यादा कळते. सयाजीरावांनी 1879 साली वसवलेली ती बाग, वाफ्यात पाय टाकायचा नाही. वाटेच्या कडेची फुलंच वीस सेंटिमीटरच्या टप्प्यात येतात. आतल्या फुलांसाठी भिंग काढून नुसती झूम वापरायची. क्लिपवर बसतं म्हणून ते क्षणात निघतं. भिंग लावलेलं असताना दूरचं काहीच स्पष्ट येत नाही, हे ध्यानात असू द्या.

घेण्याआधी लेन्सच्या तोंडाचा व्यास पाहा. सोबतची क्लिप 52 ते 67 मिलिमीटरच्या लेन्सला बसते, 55-250चा व्यास 58 आहे. भिंगाचे मागचे आटे 43चे. फांद्यांत सतत शिरणार असाल तर क्लिपऐवजी 58 ते 43 ची स्टेप-डाऊन रिंग घ्या, भिंग आट्यांवर घट्ट बसून राहतं. 18-55च्या लेन्सवर 150 लावायच्या भानगडीत पडू नका, रुंद बाजूला कोपरे काळे येतात आणि 55लाही मोठं असं फारसं काही दिसत नाही. 55-250 नसेल तर आधी ती जुनी वापरलेली बघा, मग 150.